पुस्तकाचे मागचे पाय

हे कोणी खरं मानणार नाही. मानूही नका, आमचा आग्रह नाही. पण साताऱ्यात गोडोलीला राहणाऱ्या नानासो फडतऱ्यांनी एक पुस्तक विकत घ्यायला अठ्ठावीस दिवस लावले, दोन जिल्हे पालथे घातले, बुटांच्या खात्याशी पत्रव्यवहार केला आणि शेवटी टॉवेलाखाली हात घालून सौदा पटवला. आणि हे सगळं ज्या पुस्तकासाठी, ते धड हातात धरता येत नव्हतं की वाचून झाल्यावर रद्दीत घालता येत नव्हतं. ई-बुक होतं ते.

अठ्ठावीस दिवसांत खुडूक कोंबडी अंडी उबवते, पिल्लं काढते आणि त्यांना उकिरडा उकरायलासुद्धा शिकवते. फडतऱ्यांचं तेवढ्यात एक बटण दाबून झालं.

पण घाई करतील ते फडतरे कसले? त्यांचे वडील नाथाजी फडतरे म्हणजे म्हसवडकडचे नावाजलेले बैलपारखी. जत्रेत बैल घ्यायचा तर लोक आधी नाथाजींना शोधायचे, मग बैलाला. नाथाजींचा नियम असा, की दात बघावेत, चाल बघावी, आणि मागचे पाय बघितल्याशिवाय दाव्याला हात लावू नये. "दात सगळेच दावत्यात," ते म्हणायचे. "दात घासून दावता येत्यात. खोट असती ती मागं."

नानासोंनी स्वतः जन्मात बैल घेतला नाही. कुपवाडच्या एका कारखान्यात खरेदी विभागात एकतीस वर्षं काढली आणि निवृत्त होऊन साताऱ्यात घर बांधलं. पण मिक्सर असो, गादी असो, जावई असो, पद्धत नाथाजींचीच. जावयाला तर त्यांनी पान आणायच्या निमित्तानं पोवई नाक्यापर्यंत चालवलं होतं आणि स्वतः पंधरा पावलं मागून चालत होते. जावई चांगला निघाला. "चालीत दोष नव्हता," एवढंच नानासो त्याच्याबद्दल आजही म्हणतात.

तर अशा माणसाच्या बायकोला एक कादंबरी पुरी करायची होती.

राजेश्वरीबाई म्हणजे वाचनालयाच्या खांबासारख्या. आठवड्याला दोन पुस्तकं, चाळीस वर्षं, आधी तिकडं कुपवाडला, मग साताऱ्यात. नवीन पुस्तकं घेताना ग्रंथपाल त्यांना विचारून घ्यायचा. आणि माघात त्यांचे डोळे बिघडले. डाव्याचा मोतीबिंदू काढला तो नीट निघाला, पण उजव्याच्या मागच्या पडद्याला काहीतरी झालं आणि दोन्ही डोळ्यांचं एकमेकांशी जमेनासं झालं. डॉक्टर म्हणाले, "बारीक अक्षर आता विसरा. अक्षर भरपूर मोठं आणि उजेड चांगला असेल, तर वाचता येईल. कदाचित." त्या घरात त्या दिवसापासून भाजी-आमटीबरोबर हे 'कदाचित' रोज ताटात पडायला लागलं.

कादंबरीची चार प्रकरणं राहिली होती. कादंबरीचं नाव सांगत नाही. लेखिकाबाई हयात आहेत आणि नानासोंना त्यांचा पत्ता हवाय. गोष्ट एका नर्सची. भावाशी वीस वर्षं अबोला. शेवटी ती त्याच्या गावाला जायची एसटी पकडते, आणि नेमकी गाडी घाटाला लागते न लागते तोच राजेश्वरीबाईंच्या डोळ्यांपुढे ओळी मुंग्यांसारख्या चालायला लागल्या. तिथंच पुस्तक मिटलं.

"मी वाचून दाखवतो की," नानासो म्हणाले.

"नको. दुसऱ्यानं वाचलेलं म्हणजे दुसऱ्यानं चावलेलं. मला मधेच थांबायचं असतं, मागं जाऊन बघायचं असतं. तुम्ही काय, पेपरातलं टेंडर वाचल्यासारखं वाचाल."

हे नानासोंच्या जिवाला लागलं. आणि त्या दिवसापासून बाई बोलायच्याच थांबल्या. घरात टीव्ही बोलायचा, कुकर बोलायचा, राजेश्वरीबाई बोलायच्या नाहीत. छत्तीस वर्षं नानासोंनी घरात जरा शांतता असावी म्हणून देव पाण्यात घातले होते. पहिले दोन दिवस मजेत गेले. तिसऱ्या दिवशी त्यांना भीती वाटायला लागली. एकदा जेवताना बाई एकदम म्हणाल्या, "दार उघडलं असंल का हो त्यानं?"

"कुणी?"

"भावानं. तिच्या."

नानासोंनी आमटी ओरपायची थांबवली. त्यांना कळलं, की ही बाई महिनाभर आपल्या घरात नाहीच. ती त्या घाटात, त्या एसटीत बसलेली आहे आणि गाडी बंद पडलीय.

बंगळूरच्या मुलानं, यशराजनं, टॅब पाठवून दिला. "बाबा, ई-बुकात अक्षर पाहिजे तेवढं मोठं होतं. एक बटण दाबायचं." नानासोंनी मुलाच्या भरवशावर, आयुष्यात पहिल्यांदा, न तपासता माल उचलला. ते दुसरंच एक जुनं ई-बुक होतं, सरावासाठी म्हणून घेतलेलं. उघडलं तर काय, छापील पानांचे नुसते फोटो! अक्षर मोठं करायला जावं तर सगळं पानच मोठं व्हायचं आणि ओळ पडद्याबाहेर पळायची. एक ओळ वाचायला तीनदा बोट ओढायचं. राजेश्वरीबाईंनी एक पान वाचायला पाऊण तास घेतला. मग टॅब पदरानं पुसला, टेबलावर ठेवला आणि म्हणाल्या,

"बघा, मी सांगून ठेवते. आता एकदाच. त्या कादंबरीच्या बाबतीत परत असलं काही निघालं, तर मी त्या पाटीला हात लावणार नाही. कधीच."

फडतरे घराण्यात 'एकदाच' हा शब्द पूर्वी फक्त लग्नाच्या बाबतीत वापरला जायचा.

म्हणून तपासणी. माल आहे का, कुठं आहे, कसा आहे. आणि मागचे पाय.

शेजारी सुभेदार अर्जुना शेडगे राहतात. त्यांची सून पूजा घरूनच कंपनीचं काम करते, तिला नानासोंनी कामाला लावलं. पुस्तक इंटरनेटवरच्या चार दुकानांत शोधलं. पहिल्या दुकानात लिहून आलं, "हे पुस्तक आपल्या भागात उपलब्ध नाही."

"आमच्या भागात म्हंजे?" नानासो चिडले. "गोडोलीत न्हाई, का साताऱ्यात? सदर बझारात मिळतंय का विचार."

"काका, भाग म्हणजे देश असतो तो."

"मग लेखिका काय लंडनची हाय?"

दुसऱ्या दुकानात त्याच नावाचं पुस्तक निघालं, पण ते शेळीपालनावरचं होतं. नानासोंनी त्याचा नमुना मात्र पूर्ण वाचला आणि त्यातली दोन वाक्यं आजही ते प्रसंग नसताना म्हणतात. तिसऱ्या दुकानात ते पुस्तक ऐकायचं होतं, वाचायचं नव्हतं. चौथ्यात होतं! नाव तेच, लेखिका तीच, मुखपृष्ठ तेच. खाली 'नमुना मोफत' असं बटण.

"दात," नानासो म्हणाले. "दाब."

नमुना म्हणजे पुस्तकाचे पहिले दहा टक्के. त्यात मुखपृष्ठ, मग परत मुखपृष्ठ, मग हक्क कुणाकुणाचे ते, मग अर्पणपत्रिका, मग अकरा पानं लेखिकेनं मानलेले आभार, आणि गोष्टीची सव्वादोन पानं.

सुभेदार तोवर बनियनवरच येऊन उभे राहिले होते. फौजेत त्यांनी बत्तीस वर्षं दुसऱ्यांच्या बुटांची पॉलिश तपासली. म्हणाले, "नानासो, असं हातात धरून काय कळतंय? इन्स्पेक्शन दुरून करायचं असतंय. कंपाउंडवर ठेवा. अक्षर फुल मोठं करा. पंचवीस कदमावरनं वाचता आलं पायजे."

"एवढ्या लांबनं ती कशाला वाचंल?"

"पंचवीसवरनं दिसलं तर हातातलं दिसंलच की! आवं, गणित हाय ते."

गणित बिनतोड होतं. टॅब कंपाउंडच्या भिंतीवर उभा केला. अक्षर इतकं मोठं केलं, की एका वेळी पडद्यावर चारच शब्द मावत. यवतेश्वरच्या घाटातून उतरणाऱ्या एसटीच्या ड्रायव्हरनं ते वाचून गाडी हळू केली असं सुभेदार सांगतात. आम्ही तेवढ्या थराला जात नाही. पण दूधवाला थांबला हे खरं. मग इस्त्रीवाला, मग शाळेची रिक्षा, मग भजनी मंडळातल्या तीन बाया. पूजा पान उलटायची आणि रस्ता एका सुरात आभार वाचायचा. तास-दीड तासात सगळ्या गोडोलीला कळलं, की लेखिकेच्या धाकट्या दिरानं हस्तलिखित दोनदा तपासून दिलं, तो शांत स्वभावाचा आहे आणि बँकेत आहे. दुसऱ्या दिवशी एक बाई त्या दिराची चौकशी करायला फडतऱ्यांच्या दारात आल्या. भाचीला स्थळ बघत होत्या.

हे सगळं चाललेलं असताना राजेश्वरीबाईंनी खिडकीतून काय ते बघितलं आणि पडदा ओढला. नानासोंना तो पडदा ओढल्याचा आवाज चांगला ऐकू आला.

आणि तेवढ्यात दूधवाला म्हणाला, "काका, ह्ये काय ल्हिवलंय ओ?"

आभारांची पानं नंतर नव्यानं जोडलेली, म्हणून ती नीट होती; आता गोष्टीची सव्वादोन पानं सुरू झाली होती. आणि मोठ्या केलेल्या अक्षरांची दशा बघवत नव्हती. वेलांट्या आपली घरं सोडून शेजारच्या अक्षराच्या डोक्यावर जाऊन बसलेल्या. रफार अधांतरी. जोडाक्षरं तर भावकीसारखी फुटलेली. एक अर्धं या ओळीत, दुसरं अर्धं त्या ओळीत, आणि मधे बांध. अक्षर लहान केलं की दोष झाकला जायचा, मोठं केलं की उघडा. म्हणजे ज्या माणसाला मोठं अक्षर हवं, नेमका त्यालाच खोटा माल!

"रंग लावलेला बैल," नानासो हळूच म्हणाले. "पाऊस पडला की पांढरा."

सुभेदार म्हणाले, "पर सव्वादोनच पानं तर हायत. फुडं चांगलं असंल."

"आणि नसंल तर? मला मधलं नगंच हाय, सुभेदार. मला शेवटची चार प्रकरणं पायजेत. आणि हे लोक निस्ते दात दावत्यात."

मग त्यांनी दुकानाच्या ग्राहक सेवेला फोन लावला. सात वेळा आकडे दाबल्यावर एक गोड आवाजाची मुलगी आली.

"सर, नमुना दहा टक्केच दिसतो."

"पुढचा दहा टक्के दिसतो, बाळ. मला मागचा पाहिजे. दात बघितले मी. मागचे पाय दाखवा."

"सॉरी सर?"

"मागचे पाय. ते बघितल्याशिवाय आमच्यात घेत नाहीत. पायांत दोष असला तर मला मग घरात तोंड दाखवता येणार नाही."

मुलगी बिचारी मनापासून काम करणारी होती. तिनं सगळं लिहून घेतलं, तक्रारीला नंबर दिला आणि दिवस चांगला जावो म्हणाली. तीन दिवसांनी त्याच दुकानाच्या बुटांच्या खात्याचं पत्र आलं: आपल्या पायांना झालेल्या त्रासाबद्दल आम्ही दिलगीर आहोत, कृपया टाचेचा फोटो पाठवावा. नानासोंनी दीड पानाचं उत्तर लिहिलं. त्यावर खात्यानं त्यांना मोजे घ्यायला सवलत दिली. त्यांनी ती नाकारली. एकतीस वर्षं खरेदीत काढलेला माणूस पुरवठादाराच्या मोज्याला हात लावत नसतो.

शेवटी कादंबरीच्या मागच्या पानावरून प्रकाशकाचा सांगलीचा नंबर काढला. प्रकाशक सभ्य निघाले. "फडतरेसाहेब, तुमचं खरं आहे. छापायची जुनी फाईल होती, ती तशीच ई-बुकात ओतली गेली. आता कुपवाडचा एक मुलगा नवीन करतोय. मुजीब नाव त्याचं. झालीच म्हणे. त्याच्याकडं जाऊन बघा पाहिजे तर."

'जाऊन बघा पाहिजे तर' हे आपण मराठी माणसं सभ्यपणे फोन ठेवायच्या आधी म्हणतो. कोणी जात नसतं. नानासो दुसऱ्या दिवशी सकाळी सातच्या सांगली गाडीत बसले होते.

"कुठं निघालाय?" राजेश्वरीबाईंनी विचारलं होतं.

"कारखान्यात. पेन्शनचा एक कागद राहिलाय."

 त्यांनी डब्यात तीन चपात्या आणि शेंगदाण्याची चटणी दिली.

कुपवाडला औद्योगिक वसाहतीत एका लेथच्या कारखान्याला लागून पत्र्याची खोली होती. पलीकडे लोखंड कापत होतं, अलीकडे मुजीब दोन संगणक मांडून मराठी अक्षरं सरळ करत होता. दारात खुर्ची टाकून त्याचे वडील बसले होते, खांद्यावर टॉवेल, पांढरी दाढी. नानासोंनी नाव सांगितलं मात्र, म्हातारा ताडकन उठला.

"फडतरे? खरेदीतलं फडतरे?"

"व्हय. आपण?"

"वळखलं न्हाई! लियाकत! आवं, लियाकत टर्नर! तुमच्या कारखान्याला मशिनीच्या कड्या, बुश, पुरवायचो. दोनशे बुशांचा लॉट तुमी माघारी धाडला हुता. एका केसाचा फरक हाय म्हणून!"

लॉट नानासोंना आठवला. मग त्यांच्यातल्या खरेदीवाल्याला राहवेना. "एका न्हाई. दोन केसांचा."

"बघ! बघ मुजीब! तीस वर्सं झाली, आजून दोनच म्हणतोय!" लियाकतभाईंनी टॉवेल झटकला. "आनि आता काय, माझ्या पोराचा माल तपासाय आलाय व्हय? आधी म्हणनार नमुना पास, मग म्हणनार लॉट नापास. जुनी खोड हाय तुमची. काय दावायचं न्हाई. दुकानात यील तवा घ्या."

"अब्बा, बसू दे की त्यास्नी. उनाचं आल्यात," मुजीब आतून म्हणाला.

"तू गप रं."

नानासो परत फिरले असते. मानी माणूस. उंबऱ्यावरून पाय मागे घेतलाही होता. पण त्यांना पडदा ओढल्याचा तो आवाज आठवला. आणि मग त्यांच्या हातून जे झालं ते त्यांनी ठरवून केलं नाही, त्यांच्या रक्तातल्या नाथाजींनी केलं. त्यांनी लियाकतभाईंच्या खांद्यावरचा टॉवेल ओढला, आपल्या हातावर टाकला आणि हात पुढे केला.

बैलबाजारात भाव तोंडानं बोलत नाहीत. टॉवेलाखाली हातात हात घालतात आणि बोटं दाबून ठरवतात. बघणाऱ्याला पत्ता लागत नाही आणि कमी भाव सांगणाऱ्याची इज्जत जात नाही. लियाकतभाईंनी टॉवेलाकडे बघितलं, नानासोंकडे बघितलं. त्यांचे चुलते खरसुंडीच्या बाजारात दलाल होते. डोळे बारीक करून त्यांनी टॉवेलाखाली हात सारला.

नानासोंनी चार बोटं दाबली. शेवटची चार प्रकरणं.

लियाकतभाईंनी एक दाबलं.

"अब्बा, काय चाललंय ह्ये?"

"गप. व्यवहार चाललाय."

नानासोंनी परत चार. लियाकतभाईंनी दीड, म्हणजे एक बोट आणि दुसऱ्याचं पेर. पलीकडचा लेथ थांबला. कामगार दारात जमले. एक जण दुसऱ्याला म्हणाला, "जागेचा सौदा हाय वाटतं." नानासोंच्या कपाळावर घाम आला. ते साडेतीनवर उतरले. भाई दोनवर चढले. मग दोघंही अडले.

"चारच का वं पायजेत?" लियाकतभाई शेवटी तोंडानं बोलले, जे नियमात बसत नाही. "शेवटाचीच का? मानूस सुरवातीपास्नं बघतोय."

"सुरवातीचं तिनं वाचलंय," नानासो म्हणाले. "माझ्या मंडळींनी. मग डोळं गेलं. म्हंजे गेलं न्हाई, मोठं अक्षर आसलं तर दिसंल. कदाचित. एकदाच बघणार म्हणाली ती. खोटं निघालं तर परत हात लावणार न्हाई. दोन म्हैनं झालं, बोलत न्हाई कुणासंगं."

टॉवेलाखाली लियाकतभाईंचा हात ढिला पडला.  मग त्यांनी अख्खा पंजा नानासोंच्या हातात दिला. पाच बोटं.

"चारच प्रकरणं हायत," नानासो म्हणाले. "पाचवं कुठनं आणणार?"

"ते पोरगं बघंल. आत चला. मुजीब, च्या सांग. आनि साहेबास्नी समदं दाव, कायबी ठिवू नगं."

नानासोंनी खिशातून दुर्वांची जुडी काढावी तसा भिंगाचा चष्मा काढला आणि बसले. अक्षर फुल मोठं. एक एक वेलांटी, एक एक रफार. जिथं फुटलं तिथं बोट ठेवायचे, मुजीब तिथल्या तिथं सांधायचा. पहिल्या तासात सतरा चुका निघाल्या, दुसऱ्यात सहा, तिसऱ्यात एक, आणि तीही चूक नसून पडद्यावर बसलेलं चिलट होतं. लियाकतभाई मागं उभे राहून प्रत्येक चुकीला म्हणत, "घ्या, किती केसांचा फरक?" आणि बाकी कोणी हसायच्या आत स्वतःच हसत.

माल शंभर नंबरी झाला. कितीही मोठं करा, ओळ आपोआप वळत होती आणि अक्षर जागचं हलत नव्हतं. नानासो शेवटच्या पानावर आले. तपासत होते वेलांट्या, पण माणूस शेवटी वाचतोच. वाचलं आणि त्यांचं बोट पडद्यावर थांबलं.

"काय झालं काका? कुठं चुकलं?" मुजीबनं विचारलं.

"ह्ये बघ. इथं."

मुजीबनं वाकून पाहिलं. "बराबर हाय की. उकार हाय, वेलांटी हाय."

"अक्षर बरोबर हाय रं. कुलूप चुकलंय." नानासोंनी चष्मा काढला. "ती बाई घाट चढून भावाच्या दारात जाती, आणि दाराला कुलूप. संपलं पुस्तक. आता ह्ये मी घरी कसं नेऊ?"

"आता ते कसं बदलनार, काका? आमी वेलांट्या सरळ करतो. नशीब लेखिकाबाईंकडं आसतंय."

परतीच्या गाडीत, कराड मागं पडेपर्यंत, नानासो नाथाजींना मनातल्या मनात विचारत होते, की दात चांगले, चाल चांगली, मागचे पाय चांगले, आणि बैलाच्या मनातच दुःख असलं तर काय करायचं? नाथाजींनी त्यावर काही नियम सांगून ठेवला नव्हता.

दोन दिवसांनी नवीन फाईल दुकानात चढली. पूजानं नमुना उतरवून परत एकदा बघितला, सुभेदारांनी पंचवीस कदमांवरून सलाम ठोकला, आणि नानासोंनी डोळे मिटून बटण दाबलं.

टॅब राजेश्वरीबाईंच्या पुढं ठेवला. त्या पावटे सोलत बसल्या होत्या. बघेचनात.

"तुम्हीच वाचा," त्या म्हणाल्या.

"अगं, पण तू तर—"

"माझे हात ओले आहेत. वाचा तुम्ही."

हात कोरडे ठणठणीत होते. नानासोंना कळलं. ही घाबरली होती. हातात घेतलं आणि नाही दिसलं, तर मग 'कदाचित'सुद्धा शिल्लक राहणार नव्हतं. त्यापेक्षा न बघितलेलं बरं.

मग नानासोंनी तिच्या शेजारी खाटेवर बसून, अक्षर फुल मोठं करून वाचायला सुरुवात केली. टेंडर वाचल्यासारखं नाही, सावकाश, चांगलं वाचलं. दोन दुपारींत तीन प्रकरणं झाली. बाई शेंगा सोलत राहिल्या, मान खाली. मधेच कधी "हं" म्हणत. गाडी घाट चढून गेली, नर्स उतरली, चढणीची वाट चालू लागली. तिसऱ्या दुपारी शेवटचं प्रकरण. जसजशी वाट संपत आली तसतसं नानासोंचं वाचन हळू होत गेलं. शेंगा सोलायचा आवाज थांबला होता. त्यांनी वर बघितलं नाही. एक पान उलटलं, दुसरं उलटलं. आता पडद्यावर चार-चार शब्दच येत होते आणि प्रत्येक चार शब्दांनी ते दार जवळ येत होतं.

"'अंगणात कोणी नव्हतं,'" नानासोंनी वाचलं. "'तिनं पायरीवर पिशवी ठेवली.'" त्यांनी पान उलटलं. आणि फडतरे घराण्याची तीन पिढ्यांची पुण्याई पणाला लावून पुढं सुटले. "'तिनं कडी वाजवली. आतून पावलं वाजली. दार उघडलं! दारात भाऊ. केस पांढरे झालेले. त्यानं आधी पायरीवरची पिशवी उचलली आणि म्हणाला, ये, आत ये, जेवलीस का? चुलीवर पावट्याची आमटी उकळत होती, आणि—'"

"खोटं!"

नानासो दचकले. त्यांच्या कोपरावरून एक हात पुढं आला होता, शेंगांच्या सालाचा वास असलेला, आणि त्याचं बोट पडद्यावर एका शब्दाखाली नेमकं टेकलं होतं.

"साफ खोटं! कुठाय आमटी? ह्ये काय लिहिलंय? 'दाराला कुलूप.' आणि खाली, 'कुलपावर गंज.' सगळं दिसतंय मला. सरका तिकडं, तुमची सावली पडतीय."